मकबऱ्याच्या दारावरचा गणिती

छत्रपती संभाजीनगरात बीबी का मकबरा पाहायला येणारा माणूस आत शिरतो तो घुमटाकडे पाहतच. ज्या दारातून तो आत येतो त्याकडे सहसा कोणाची नजर जात नाही. धातूच्या नक्षीने मढवलेल्या त्या दारावरच्या लेखात दोन नावे आहेत: वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय. काम हिजरी १०७१ मधले, म्हणजे इ. स. १६६०-६१ चे. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम १६५७ मध्ये वारली, तिची ही कबर. ती आझमशहा या मुलाने बांधली असे सांगतात. पण आझमशहाचा जन्म १६५३ चा, म्हणजे काम पुरे झाले तेव्हा तो जेमतेम सात वर्षांचा. असो. अताउल्ला हा ताजमहालाशी ज्याचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरीचा थोरला मुलगा. एवढे कळले की लोक थांबतात आणि ‘बापाने ताज बांधला, पोराने त्याची स्वस्तातली नक्कल’ असा शेरा मारून पुढे जातात. थांबायला हवे ते दुसऱ्याच गोष्टीपाशी. हा मकबरा उभा राहण्याच्या सव्वीस वर्षे आधी, हिजरी १०४४ मध्ये, याच अताउल्लाने भास्कराचार्यांचे ‘बीजगणित’ संस्कृतातून फारसीत आणले होते आणि शहाजहानला अर्पण केले होते. आणि ज्या पाटण गावाशी भास्कराचार्यांच्या घराण्याचे नाते शिलालेखाने सिद्ध आहे, ते गाव या मकबऱ्यापासून फार दूर नाही. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या अंगाला गेले की गौताळ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी ते लागते.

हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही, कारण आपल्याकडच्या भूमितीचा इतिहास सांगताना एक ठरलेली मांडणी वापरली जाते आणि हे दार त्या मांडणीच्या आड येते. मांडणी अशी: पंडितांचे गणित श्लोकातले, आकड्यांचे, सूत्र सांगून मोकळे होणारे. गवंड्या-पाथरवटांचे गणित दोरीचे, ओळंब्याचे, गुण्याचे. हाताला येणारे पण तोंडाने न सांगता येणारे. दोघांच्यामध्ये जातीची आणि भाषेची भिंत. वर्तुळ आणि रेषा घेऊन पायरीपायरीने सिद्धता करणारी खरी भूमिती आली ती युक्लिडबरोबर, आधी अरबी-फारसीतून आणि मग इंग्रजी शाळेतून. या मांडणीत तथ्य मुळीच नाही असे मी म्हणणार नाही. पण ती जितकी ठामपणे सांगितली जाते तितका पुरावा तिच्यामागे नाही, आणि उलट बाजूचा पुरावा नेमका देवगिरीच्या पंचक्रोशीत पडलेला आहे, असे माझे म्हणणे आहे.

पाटणच्या भवानीच्या देवळातला शिलालेख १२०७ चा, तो भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि इतर ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेव व हेमाडिदेव या भावांनी त्याला उत्पन्न लावून दिले, असे त्यात आहे. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालाने याच गावातून नेऊन आपल्या दरबारचा मुख्य पंडित केले, आणि चांगदेव सिंघण यादवाचा ज्योतिषी होता, हेही तिथेच कोरलेले आहे. यादवांची राजधानी देवगिरी, म्हणजे आजच्या शहराच्या वेशीबाहेरचे दौलताबाद. लेखाचा शेवटचा भाग संस्कृत सोडून मराठीत उतरतो, कारण बाजारातल्या कोणत्या मालावर मठाला किती द्यायचे हे व्यापाऱ्याला कळायला हवे होते. भास्कराचार्य स्वतः आपले गाव सह्याद्रीच्या पायथ्याचे विज्जलविड असे सांगतात, आणि ते नेमके कोणते यावर वाद आहे. विज्जलविड कुठलेही असो, ग्रंथ शिकवण्याची व्यवस्था कुठे झाली हा प्रश्न वेगळा, आणि त्याचे उत्तर दगडात आहे. ही परंपरा यादवांबरोबर बुडालीही नाही. गोदाकाठच्या पार्थपुरात, म्हणजे पाथरीत, सूर्यदासाने सोळाव्या शतकात ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ या दोन्हींवर टीका लिहिल्या.

आता ‘लीलावती’त वर्तुळ आणि रेषा कशा येतात ते पाहू. हा ग्रंथ ११५० चा, भास्कराचार्य तेव्हा छत्तीस वर्षांचे. वर्तुळाला छेदणारी रेषा ही त्यांच्या लेखी ‘जीवा’, म्हणजे धनुष्याची दोरी. तिने कापलेला परिघाचा तुकडा ‘चाप’. आणि जीवेच्या मध्यापासून चापाच्या मध्यापर्यंतची उंची ‘शर’, म्हणजे दोरीवर लावलेला बाण. दहावीच्या पुस्तकात जीवा राहिली, चापाचा कंस झाला, शर मात्र सुटला. तो सुटायला नको होता, कारण सारी गंमत त्याच्यात आहे. व्यास १० आणि जीवा ६ असेल तर शर किती, असे भास्कराचार्य विचारतात. व्यास आणि जीवा यांची बेरीज १६, वजाबाकी ४. त्यांचा गुणाकार ६४, वर्गमूळ ८. ते व्यासातून वजा केले की २ उरतात, त्याचे निम्मे १. हाच शर. आता त्यांचे तळ्यातले कमळ घ्या. पाण्याच्या वर एक वीत आलेली कळी वाऱ्याने झुकते आणि दोन हातांवर पाण्यात बुडते. पाणी किती खोल? वाचणाऱ्याला ही काव्यात गुंडाळलेली आकडेमोड वाटते. पण देठ तळाशी रोवलेला आहे, टोक फिरते आहे, म्हणजे देठ हीच त्रिज्या आणि कळीने काढला तो चाप. पाण्याची पातळी ही जीवा, तिचे निम्मे दोन हात. पाण्याबाहेरची वीत, म्हणजे अर्धा हात, हा शर. उत्तर पावणेचार हात. या तळ्यात कंपास नाही, पण कंपास जे करतो ते सगळे कमळाच्या देठाने केलेले आहे. ही आकृती डोळ्यांपुढे न आणता गणित सुटते खरे, पण ते रचता येणार नाही.

याहून बोलका पुरावा वर्तुळात बसवलेल्या समभुज आकृतींचा. व्यास २००० चे वर्तुळ घेऊन त्यात तीनपासून नऊपर्यंत बाजूंच्या आकृती बसवल्या तर प्रत्येकीची भुजा किती, हे भास्कराचार्य सांगतात. पद्धत सोपी: प्रत्येक आकृतीसाठी एक गुणक, त्याने व्यासाला गुणायचे आणि १,२०,००० ने भागायचे. त्रिकोणाचा गुणक १,०३,९२३, चौकोनाचा ८४,८५३, पंचकोनाचा ७०,५३४, षट्कोनाचा ६०,०००, सप्तकोनाचा ५२,०५५, अष्टकोनाचा ४५,९२२ आणि नवकोनाचा ४१,०३१. आजच्या कोष्टकांशी ताडून पाहिले तर यातले पाच गुणक शेवटच्या अंकापर्यंत बरोबर येतात. दोन चुकतात: सप्तकोन आणि नवकोन. सप्तकोनाचा हवा ५२,०६६ आणि नवकोनाचा ४१,०४२. तूट दोन्हीकडे अकराचीच. चूक क्षुल्लक आहे, २००० च्या व्यासात भुजेला एक पंचमांशाइतकाही फरक पडत नाही. पण ती कुठे पडली ते बघा. तीन, चार, पाच, सहा आणि आठ बाजूंच्या आकृती कंपास आणि पट्टीने तंतोतंत काढता येतात. सात आणि नऊ बाजूंच्या येत नाहीत. हे जगाला रीतसर कळले फार उशिरा. गाउसने १७९६ मध्ये सतरा बाजूंची आकृती काढता येते हे दाखवून वाट उघडली, आणि १८३७ मध्ये पिएर वान्झेलने काय जमत नाही याची सिद्धता दिली. कारण असे की कंपास-पट्टीला फक्त वर्गमुळे काढता येतात, आणि सात-नऊ बाजूंना घनसमीकरण लागते. भास्कराचार्यांच्या गणिताचे हत्यारही वर्गमूळच. म्हणजे श्लोकातला आकडा आणि वाळूतला कंपास एकाच जागी अडखळतात. दोन्ही पद्धती एकमेकींना परक्या असत्या तर त्यांच्या मर्यादा अशा एकाच रेघेवर आल्या नसत्या. याचा अर्थ भास्कराचार्यांना वान्झेलची सिद्धता ठाऊक होती असा कोणी काढू नये. तसले दावे करणारे लोक मुबलक आहेत आणि त्यांना माझा पुरावा उसना द्यायचा नाही.

इथे जाणकार आक्षेप घेईल. आकडा बरोबर येणे वेगळे आणि तो का येतो हे सांगणे वेगळे. ‘लीलावती’ सूत्र देते, सिद्धता देत नाही. वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका कशी काढायची, हा दहावीच्या मुलाला हमखास येणारा प्रश्न ‘लीलावती’ विचारतही नाही. दुसरा मुद्दा मला मान्य आहे. युक्लिडच्या भूमितीत काढणे हेच सिद्ध करण्याचे अंग आहे, तसे इथे नाही, आणि या उणिवेवर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. पहिला मुद्दा मात्र ‘बीजगणिता’पाशी टिकत नाही, आणि अताउल्लाने फारसीत नेले ते ‘बीजगणित’च. त्यात एक उदाहरण आहे: काटकोन त्रिकोणाची भुजा १५, कोटी २०, कर्ण सांग, आणि ही जी सर्वांच्या तोंडी असलेली रीत आहे तिची उपपत्तीही सांग. उत्तर सगळ्यांना माहीत आहे, कारण हे गवंड्याचे तीन-चार-पाचच, पाचपट केलेले. मागितली आहे ती उपपत्ती, म्हणजे कारण. भास्कराचार्य ते दोन वाटांनी देतात. एका वाटेत काटकोनातून कर्णावर लंब टाकून लहान-मोठ्या त्रिकोणांच्या प्रमाणाने. दुसऱ्या वाटेत असेच चार त्रिकोण कर्ण बाहेरच्या अंगाला करून जुळवतात, त्यांचा एक मोठा चौरस होतो आणि मध्ये लहान चौरसाची रिकामी जागा राहते. त्रिकोणाचे क्षेत्रफळ १५०, चौघांचे ६००. मधल्या चौरसाची बाजू २० वजा १५, म्हणजे ५, क्षेत्रफळ २५. बेरीज ६२५, म्हणून कर्ण २५. कागदाचे चार त्रिकोण कापून हे कोणालाही पडताळता येते. आणि याच ग्रंथात पुढे ते स्पष्टच म्हणतात की उपपत्ती सगळीकडे दोन प्रकारची असते, एक क्षेत्रातून दिसणारी आणि दुसरी राशींतून. पंडिताचे गणित आणि आकृतीचे गणित वेगळे असे ज्यांना वाटते त्यांनी हे वाक्य समोर ठेवावे. चार बाजू सांगून चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी ‘लीलावती’त पिशाच म्हटले आहे, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून थोर पिशाच, कारण कर्ण सांगितल्याशिवाय चौकोन ठरतच नाही. चार पट्ट्यांची चौकट आडवी पट्टी ठोकल्याशिवाय हलते, हे सुताराला कुठल्याही श्लोकाशिवाय माहीत असते. इथे शास्त्रकार सुताराच्या बाजूने बोलतो आहे.

हे पुस्तक एका मुघल वास्तुकाराच्या हाती कसे पडले? वाट एकाच दिवसात उघडलेली नाही. अकबराच्या सांगण्यावरून फैजीने १५८७ मध्ये ‘लीलावती’ फारसीत आणली. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, तिच्या लग्नाच्या मुहूर्ताचे घटिकापात्र मोत्याने बंद पडले, ही कथा त्याच फारसी प्रस्तावनेतून पसरली. पुढे ‘बीजगणिता’वर मोठी टीका लिहिणारा कृष्ण दैवज्ञ जहांगीराच्या आश्रयाला होता, त्याचे घराणे मूळचे विदर्भातले. म्हणजे दख्खनचे हे गणित दिल्ली-आग्ऱ्याच्या दरबारात मराठी मुलखातून गेलेल्या पंडितांबरोबर आधीच पोचलेले होते. दुसऱ्या बाजूला उस्ताद अहमदचे घर. दुसरा मुलगा लुत्फुल्ला स्वतःला काव्यात ‘मुहंदिस’ म्हणवून घेई, म्हणजे भूमिती जाणणारा, आणि त्या भाषेत अभियंत्यालाही तोच शब्द आहे. १६५९ मध्ये तो मांडूला होशंगशहाची कबर पाहायला गेला त्याचा लेख तिथे आहे, आणि सोबतच्या मंडळींत जादूराय व शिवराम ही नावे आहेत. अशा घरातल्या थोरल्याने संस्कृत बीजगणित हाती घेणे नवल नाही. दारावरचा अताउल्ला आणि भाषांतरकार अताउल्ला रशिदी एकच कशावरून, ही शंका रास्त आहे. उत्तर असे की भाषांतरकार स्वतःला ‘अहमद नादिर’चा मुलगा म्हणवतो, ‘नादिर-उल-असर’ ही उस्ताद अहमदची पदवी होती, आणि लुत्फुल्लाच्या काव्यात थोरल्या भावाचे नाव अताउल्ला असून त्याच्या विद्वत्तेची वाखाणणी आहे. याहून पक्का पुरावा त्या काळच्या कारागिरांबाबत क्वचितच हाती येतो. अताउल्लाने अंकगणित, क्षेत्रमापन आणि बीजगणितावर फारसी पद्यात आणखी एक पुस्तक लिहून दारा शुकोहला अर्पण केले होते. दाराची हत्या १६५९ ची. आणि वर्ष-दोन वर्षांत दाराच्या मारेकऱ्याच्या, म्हणजे औरंगजेबाच्या, बायकोच्या कबरीवर याचे नाव लागले. राजकारणात बाजू बदलते, परकार बदलत नाही.

उरला सगळ्यात अवघड आक्षेप. अताउल्लाने बीजगणित वाचले, ठीक. पण मकबऱ्याच्या बांधकामात भास्कराचार्यांचा काही उपयोग झाला याला आधार काय? थेट आधार नाही, आणि मला तो दावा करायचाही नाही. बांधकामाचा हिशेब उपलब्ध आहे तो पैशांचा, ६,६८,२०३ रुपये ७ आणे, भूमितीचा नाही. पण बांधकामातली भूमिती डोळ्यांना दिसते. बेगमेची कबर जोत्याच्या पातळीखाली आहे आणि तिच्याभोवती संगमरवरी जाळीचा अष्टकोनी कठडा आहे. अष्टकोन काढायला कारागिराला ७६५ पूर्णांक ११/३० ही ‘लीलावती’तली भुजा लागत नाही. तो चौरस आखतो, त्याचे दोन्ही कर्ण मारतो, दोरीचे टोक एका कोपऱ्यावर रोवून दुसरे कर्णांच्या छेदावर धरतो आणि चाप फिरवून दोन बाजूंवर खुणा करतो. चारही कोपऱ्यांवरून हेच केले की आठ खुणा मिळतात. त्या जोडल्या की अष्टकोन, केसाएवढाही फरक न राहता. षट्कोन तर त्याहून सोपा, कारण त्रिज्या परिघावर बरोबर सहा वेळा बसते, आणि मुघल जाळ्यांतल्या कितीतरी चांदण्या या सहाच्या फेऱ्यातून निघालेल्या आहेत. कारागिरांसाठी अशा कृती लिहून ठेवण्याची परंपरा दहाव्या शतकातल्या अबुल वफा बुझजानीपर्यंत मागे जाते. त्याने तर एकदा उघडलेला परकार न हलवता आकृती काढायच्या रीतीही दिल्या. म्हणून कोणी म्हणेल की कठड्याला भास्कराचार्य लागलेच नाहीत. खरे आहे. पण वादाचा मुद्दा कठड्याला कोण लागले हा नव्हता. शास्त्राची आकडेमोड आणि कारागिराची आखणी एका डोक्यात राहू शकत नव्हती, त्यांच्यात अभेद्य भिंत होती, हा मुद्दा होता. ज्याने ती चार त्रिकोणांची उपपत्ती संस्कृतातून समजून घेतली, त्याच्याच देखरेखीखाली हे आठ कोन आखले गेले. अशी एक व्यक्ती सापडली की ‘अशक्य होते’ म्हणता येत नाही. फार तर ‘दुर्मीळ होते’ म्हणता येते. आणि दुर्मीळ होते हे मी मान्य करतो. शुल्बसूत्रांच्या काळी शुल्ब म्हणजे दोरी हीच भूमितीचे नाव होती. नंतर दोरी आणि सूत्र दुरावले यात शंका नाही.

या कथेचा पुढचा टप्पा लंडनचा आहे. भास्कराचार्यांचे ‘बीजगणित’ इंग्रजीत पहिल्यांदा छापले गेले १८१३ मध्ये, एडवर्ड स्ट्रेची या कंपनीच्या अधिकाऱ्याने केलेल्या भाषांतरात, आणि ते भाषांतर संस्कृतावरून नव्हते, अताउल्लाच्या फारसीवरून होते. कोलब्रुकचे संस्कृतावरून केलेले भाषांतर त्यानंतर चार वर्षांनी आले. म्हणजे यादवांच्या मुलखातले गणित युरोपातल्या वाचकापर्यंत पोचले ते मकबरा बांधणाऱ्याच्या हातून. आपल्या कंपासपेटीत मात्र या सगळ्याची ओळख पुसली गेली. पेटीतल्या दोन टोकांच्या हत्याराला आपण आजही कर्कटक म्हणतो, जुन्या गणितींचा परकारासाठीचा ‘कर्कट’ हाच शब्द वापरतो; गुण्या तर गवंडी आणि विद्यार्थी दोघांचाही. पण वर्तुळाचे प्रकरण शिकवताना मुलांना थेल्स आणि युक्लिड यांची नावे सांगितली जातात, आणि सांगावीतही; अताउल्लाचे नाव संभाजीनगरातल्या वर्गातही निघत नाही. शहरातल्या गणिताच्या शिक्षकांना एवढेच सुचवावेसे वाटते की मकबऱ्याची सहल काढाल तेव्हा मुलांना एक चौरस कागद आणि कंपास घेऊन यायला सांगा, कठड्याच्या बाजू मोजायला लावा, तो अष्टकोन तिथेच बसून काढायला लावा, आणि निघताना दारापाशी थांबून ती दोन नावे वाचून दाखवा.